भावजींनी पाहिलेला चंद्र

भावजींनी गॅरेजमध्ये सहा फुटी लाकडी सांगाडा उभा केला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा बागेत झोपाळा टांगणार. कुणी विचारलं मात्र नाही. लंडनच्या या हॅरो भागात कुणी कुणाला काही विचारत नाही, पडद्याआडून बघतात आणि आपापल्या मनाने ठरवून टाकतात.

झोपाळा नव्हता तो. आकाशातल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं यंत्र होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रावरून बेतलेलं. भाचीच्या जुन्या पलंगाच्या पट्ट्या, दोन बिजागऱ्या, बघायला पत्र्यात चिरलेल्या फटी, आणि काच एकही नाही. काच नाही याचाच भावजींना जास्त अभिमान. भाची म्हणजे माझी, त्यांची मुलगी वरदा, ती लीड्सला असते. तिने व्हिडिओ कॉलवर आपला पलंग ओळखला आणि न बोलता फोन ठेवून दिला.

भावजी म्हणजे डॉक्टर श्रीनिवास दाबके, माझ्या थोरल्या बहिणीचे, नंदाताईचे यजमान. आयुष्यभर लोकांना भूल दिली. ते या देशात आले तेव्हा ज्या गावात गोरा डॉक्टर राहायला तयार नसे त्या गावात, आणि ज्या ड्यूटीला सगळे नाही म्हणत त्या ड्यूटीला, आपली माणसं उभी केली जायची. भावजी तशा कितीतरी गावांत उभे राहिले आणि मग हॅरोत घर घेतलं. मी, सुनेत्रा, त्यांच्यामागून आले, एक्स-रे काढायला शिकले, जवळच एजवेअरला राहते. एक्स-रे काढणारी, वाचणारी नव्हे. हा फरक मला डॉक्टर लोकांनी नोकरीभर समजावून सांगितला. भावजींनी कधी सांगितला नाही. म्हणून त्यांच्याशी भांडायला मला मजा येते. बरोबरीचं मानणाऱ्या माणसाशीच भांडता येतं, बाकीच्यांना नुसतं सहन करावं लागतं.

आता या यंत्राचं कारण. इथल्या निवृत्त मराठी मंडळींचा महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मेळावा भरतो, चर्चचा हॉल भाड्याने घेऊन. विनय पेठे तो चालवतात, म्हणजे माइक त्यांच्या हातात असतो. दर वेळी तीच भावगीतं आणि तेच ढोकळे ऐकून-खाऊन लोक कंटाळले, म्हणून विनयरावांनी ऑक्टोबरसाठी ‘जुने वाद’ असा विषय काढला. दोघांनी उभं राहायचं, इतिहासातलं एक भांडण पुन्हा भांडायचं. भावजींनी लगेच हात वर केला. म्हणाले, मी हेवेलियस. आणि समोर हूक कोण, तर माझ्याकडे बोट.

हे दोघं कोण हे मलाही घरी येऊन वाचावं लागलं. हेवेलियस हा डान्झिगचा, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. धंदा बियर गाळायचा. आपल्या घरांच्या छपरांवर त्याने वेधशाळा बांधली आणि रात्र रात्र ताऱ्यांच्या जागा मोजल्या. दुर्बिणी त्याच्याकडे होत्या, मोठ्या होत्या, चंद्रावरचे डोंगर तो त्यांतूनच बघायचा. पण ताऱ्याची जागा मोजायची म्हटली की दुर्बीण बाजूला. तिथे नुसता डोळा, समोर फट, आणि फटीत तारा. इकडे लंडनमध्ये रॉबर्ट हूक. हुशार आणि तोंडाने फाटका. तो म्हणाला, माणसाच्या डोळ्याला एका मर्यादेपलीकडे बारीक दिसतच नाही, तेव्हा मोजायच्या यंत्रावर दुर्बीण बसवा, नाहीतर तुमची सगळी मेहनत पाण्यात. हेवेलियस चिडला. मग लंडनहून हॅलीला पाठवलं, तोच तो धूमकेतूवाला हॅली, तेव्हा बाविशीतला. त्याने आपलं दुर्बीणवालं यंत्र नेलं, म्हाताऱ्याच्या शेजारी उभा राहून तेच तारे मोजले, आणि कबूल केलं की म्हाताऱ्याचा डोळा खरोखर पक्का आहे.

भावजींचं यंत्र हेवेलियसच्या यंत्रासारखंच दोन माणसांचं होतं. एकाने एक तारा धरायचा, दुसऱ्याने सरकती पट्टी दुसऱ्या ताऱ्याला लावायची. डान्झिगला दुसऱ्या टोकाला त्याची बायको एलिझाबेथ उभी असायची. नवरा गेल्यावर त्याची ताऱ्यांची यादी तिनेच पुरी करून छापली, आणि जगाने नाव नवऱ्याचं लक्षात ठेवलं. हॅरोत दुसऱ्या टोकाला नंदाताई. गुडघे दुखतायत, शाल गुंडाळलेली, गॅसवर आमटी, आणि भावजी म्हणतायत, “हलू नकोस.”

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण भावजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, पिकलेले. दूध कपाच्या बाहेर पडत होतं. टीव्हीवर गोलंदाज कोण हे ते आवाजावरून सांगत होते. फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा ताईने गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात पुरून टाकली. भावजींनी किल्ली कुठेय हे एकदाही विचारलं नाही, आणि त्यावरूनच ताई समजली की त्यांना सगळं कळतंय. हॉस्पिटलने दोनदा तारीख दिली, दोनदा यांनी फिरवली. एकदा सर्दी म्हणून, एकदा पितृपक्ष म्हणून. ज्या माणसाने जन्मात श्राद्ध केलं नाही त्याला पितृपक्ष आठवला.

मी तोंडावर म्हटलं, “भावजी, तुम्ही घाबरट आहात.”

“आहेच,” ते म्हणाले. “मी ऑपरेशन टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला आयुष्य काढलंय. हजारांत एकाचं काय होतं ते मी बघितलंय. तू फक्त फोटो काढायचीस.”

खरं सांगायचं तर आमच्या तिघांच्या पिढीतले डॉक्टर लोक एकजात असेच. दुसऱ्याला टेबलावर आडवं करताना हसतात, स्वतःवर आलं की ग्रहतारे बघतात. पण रडकुंडीला आलेली माझी बहीण होती. तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हणाली, सुने, ते माझं ऐकत नाहीत, तुझ्या शिव्या ऐकतात, काहीतरी कर. मी बाहेर येऊन पैज लावली. रविवारच्या वादात तुम्ही हरलात तर ऑपरेशन.

भावजी म्हणाले, “आणि मी जिंकलो तर या घरात मोतीबिंदू हा शब्द उच्चारायचा नाही. निकाल नंदा देईल. हॅली तीच.”

ताई म्हणाली, “मला त्यातलं काय कळतं?”

“हॅली बावीस वर्षांचा होता,” भावजी म्हणाले. “त्याला तरी काय कळत होतं.”

रविवारी यंत्र हॉलच्या दारातून आत येईना. शेवटी बिजागऱ्या काढून, आडवं करून, तीन निवृत्त डॉक्टर आणि एक निवृत्त बँकवाला यांनी ते तिरडीसारखं आत आणलं. तशी उपमा मी मोठ्याने दिली, कुणाला आवडली नाही. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हे वाद युरोपात चालले होते तेव्हा आपल्या ऋषींनी सगळं आधीच शोधून ठेवलं होतं. मी म्हटलं, ऋषींनी वेध घेतले असतील तर पहाटे उठून, थंडीत उभं राहून घेतले असतील, आपण शेवटचे कधी उठला होतात? ते बसले. असल्या लोकांना पूर्वजांची मेहनत नको असते, फक्त मोठेपणा हवा असतो.

मी हूकची बाजू मांडली. सरळ मांडली. डोळा थकतो, म्हातारा होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला स्वतःचा गर्व असतो. काय दिसलं यापेक्षा काय दिसायला हवं होतं ते तो आधी सांगतो. पुरावा म्हणून भावजींच्याच लग्नाची गोष्ट काढली. दादरचं कार्यालय, भर दुपार. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी नवरानवरीला अरुंधतीचा तारा दाखवायचा म्हणून छताकडे बोट केलं आणि विचारलं, दिसली का अरुंधती? भावजी म्हणाले, दिसली. मी तिथे होते. वर पंखा होता.

हॉल हसला. भावजी शांतपणे म्हणाले, “पंख्याच्या मागे होती.”

मग त्यांची पाळी आली. मला वाटलं होतं ते चित्रं दाखवतील, कोनांचे अंश-कला सांगतील. त्यातलं काही केलं नाही. खिशातून बोटाला लावायचा तो चिमटा काढला, ऑक्सिजन मोजायचा, जो कोविडच्या दिवसांत इथल्या प्रत्येक घरात आला होता.

त्यांनी सांगितलं ते मला माहीत होतं. नंदाताई आजारी होती, वरच्या खोलीत. चिमट्यावर आकडा चांगला येत होता. सरकारी आरोग्यसेवेच्या फोनवरची बाई म्हणाली, आकडा चांगला आहे, घरीच ठेवा. भावजींनी ताईचे ओठ बघितले. नखं बघितली. खिडकीचा पडदा पूर्ण उघडून उजेडात परत बघितली. आणि फोनवरच्या बाईला सांगितलं, तुमचा आकडा खोटं बोलतोय, ॲम्ब्युलन्स पाठवा, नाहीतर मी हिला खांद्यावर घेऊन येतो. पुढे सगळीकडे छापून आलं की काळ्यासावळ्या कातडीवर हे चिमटे खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात. ते यंत्र करताना आमची बोटं कुणी मोजलीच नव्हती नीट.

“यंत्र करणारा माणूस,” भावजी म्हणाले, “स्वतःच्या कातडीवर यंत्र तपासतो. माझ्या बायकोच्या ओठांवर ते कुणी तपासलं नव्हतं. मी रोज बघत होतो. मला त्यांचा खरा रंग माहीत होता.”

विनयरावसुद्धा माइक घ्यायला विसरले. मी हूक, पण मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवणारी बाई मी नाही. पण आता ऑपरेशन गेलं. ज्या डोळ्याने जीव वाचवला त्याच्या विरुद्ध ताई निकाल देणार कशी?

ताई उठली, पदर सारखा केला. सगळ्यांकडे बघून म्हणाली की हॅलीने दोघांची भाषणं ऐकून निकाल दिला नव्हता, तो शेजारी उभा राहून स्वतः बघून आला होता. “शुक्रवारी संकष्टी आहे,” ती म्हणाली. “मी शुक्रवारी सांगते.”

लोकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि भावजींनाही कळलं असावं, कारण परत येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. गाडी मी चालवत होते.

ताईच्या संकष्टीची या घरात एक रीत आहे. दोघं नवीन नवीन इथे आले तेव्हा मुंबईहून येणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ असायची ती मुंबईची. ती इथे काय कामाची? तेव्हा भावजी म्हणाले, मी बघून सांगतो. तेव्हापासून दर संकष्टीला ते मागच्या बेडरूमच्या खिडकीशी जाऊन उभे राहतात. खाली ताई गणपतीपुढे नैवेद्याचं ताट मांडून बसते. वरून आवाज येतो, “दिसला.” मग ती आरती करते, नैवेद्य दाखवते आणि दोघं जेवतात. हो, दोघं. उपास तिचा, पण ती जेवल्याशिवाय हे जेवत नाहीत. आता फोन मिनिटासकट सांगतो हॅरोत चंद्र कधी उगवणार. ताई फोन बघत नाही. यांनी सांगितल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

शुक्रवारी मी एजवेअरहून बसने गेले. आकाश स्वच्छ होतं, या देशात असं आकाश म्हणजे नशीबच. ताईने लॉनमधून दुर्वा खुडून आणल्या होत्या, मोदक झाले होते, वरणाला फोडणी पडली होती. सातच्या सुमाराला भावजी कठड्याला धरून वर गेले. आम्ही दोघी खाली बसलो. ताई माझ्याकडे बघत नव्हती, समईकडे बघत होती.

वरून आवाज आला, “दिसला.”

ताई उठली. पण निरांजन घ्यायला नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती जिना चढायला लागली. मी मागून गेले. भावजी खिडकीशी पाठमोरे उभे होते, हात मागे बांधलेले, अगदी वेधशाळेतल्यासारखे.

“कुठे दिसला?” ताईने विचारलं.

“तो काय,” ते म्हणाले आणि बोट केलं. “मस्त पिवळा आलाय आज.”

आम्ही बोटाच्या दिशेने बघितलं. मागच्या घरवाल्यांनी उन्हाळाभर छपरावर खोली चढवण्याचं काम काढलं होतं. हॅरोत आता दर दुसऱ्या घरावर अशी खोकी चढलीयत, मुलांना घरं परवडत नाहीत म्हणून आईबाप छपरं वाढवतात. महिनोन्महिने तिथे परांची होती, ताडपत्री होती. ती नुकतीच उतरली होती. आणि आता ताईच्या खिडकीसमोर, पूर्वी जिथून चंद्र वर यायचा बरोब्बर तिथे, करड्या रंगाचं एक मोठं खोकं उभं होतं. त्या खोक्यात बाथरूम होतं. बाथरूमच्या खिडकीला दुधी काच होती. काचेमागे दिवा लागला होता.

मी बोलायला तोंड उघडलं. ताईने माझा हात दाबला. इतक्यात तिथल्या कुणाचं तरी आटोपलं असावं. दिवा गेला.

भावजींचं बोट तसंच हवेत राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

“ढग आला वाटतं,” ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने त्यांना सांगितलं, ते मागच्यांचं बाथरूम आहे. साध्या आवाजात सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं. भावजी खिडकीजवळ सरकले, काचेला कपाळ लावलं, बराच वेळ बघत राहिले.

मग माझ्याकडे न वळता विचारलं, “सुनेत्रा, ती खिडकी गोल आहे का गं?”

“चौकोनी आहे, भावजी.”

ते खुर्चीत बसले. खोलीत अंधार होता, दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. ताईने विचारलं, गेल्या महिन्यात काय दिसलं होतं? तेव्हा तर तिथे ताडपत्री होती.

“गेल्या महिन्यात ढग होते,” भावजी म्हणाले.

“मग दिसला म्हणालात ते?”

“तू सकाळपासून उपाशी होतीस.”

ताई हसली. मला वाटलं होतं रडेल, पण हसली. म्हणाली, ते तिला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. या देशात चंद्र इतक्या वेळा दिसत नाही जितक्या वेळा तो या घरात दिसलाय. खोटं सांगताना यांचा आवाज गोड होतो, शेवटचं अक्षर लांबतं. ती देवाची आधीच माफी मागून ठेवायची आणि जेवायला बसायची, कारण हे वर उपाशी उभे आहेत हेही तिला माहीत असायचं.

मग ती थांबली आणि म्हणाली, “तुम्ही खोटं सांगत होतात तोवर मला काळजी नव्हती. आज आवाज गोड नव्हता. आज तुम्हाला खरंच दिसला.”

भावजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. जसं काही चष्म्याचंच चुकलं होतं.

“निकाल सांगते,” ताई म्हणाली. “हॅलीने सांगितलं तेच. म्हाताऱ्याचा डोळा पक्का होता. तुमचा होता म्हणून मी आज बसलेय इथे. तो डोळा माझा आहे. मला तो परत हवाय.”

मला वाटलं ते वाद घालतील. पैज वादाची होती, बाथरूमची नव्हती, असं म्हणायला जागा होती. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलंच असतं. पण भावजींनी एवढंच विचारलं की आता तारीख पुन्हा मागायला कुणाला फोन करायचा. मग म्हणाले, पितृपक्ष संपला ना? ताई म्हणाली, कधीच संपला.

खरा चंद्र त्या खोक्याच्या वर यायला वेळ लागला. आम्ही तिघं बागेत कुंपणाशी जाऊन उभे राहिलो, पलंगाच्या त्या सांगाड्याशेजारी. चंद्र आला तो छपराच्या डाव्या टोकावर, एका बाजूने झिजलेला, मातकट. ताईने भावजींचा हात धरून त्या दिशेला वळवला. ते तिकडे बघत राहिले.

“असेल,” म्हणाले. दिसला म्हणाले नाहीत.

ऑपरेशन नोव्हेंबरात झालं, आधी डावा डोळा. नुसते थेंब घालून, जागेपणी. आयुष्यभर लोकांना झोपवलेला माणूस टेबलावर टक्क जागा होता आणि, त्या पोरगेल्या सर्जन बाईने नंतर ताईला सांगितलं, पूर्ण वेळ तिला बडबडून छत्रपतींच्या किल्ल्यांची माहिती देत होता. भीतीने माणूस काय काय बोलतो. हजारांत एकाचं जे होतं ते झालं नाही. नऊशे नव्याण्णवांचं होतं ते झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि भावजी स्वयंपाकघरात येऊन ताईकडे बघत उभे राहिले. मी तिथेच होते, चहा गाळत होते.

“तू इतकी पांढरी कधी झालीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बघत नव्हता तेव्हा,” ताई म्हणाली.

मी संधी सोडणारी नाही. म्हटलं, भावजी, आतला मोतीबिंदू काढून तिथे काय बसवलंय ठाऊक आहे ना? भिंग. प्लास्टिकचं, कारखान्यात घडवलेलं. तेव्हा तुमचा नुसता डोळा संपला. डोळ्यातच दुर्बीण बसली, हूक जिंकला. ते चहाचा कप तोंडाला लावून विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, भिंग हूकचं असेल, पण त्यातून बघतोय तो हेवेलियस. वर आणखी म्हणाले की माझ्या गळ्यातली माळ मोत्यांची नाही, नकली आहे, हे त्यांना आज कळलं. मी इतक्या वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. असा सूड.

ऑपरेशननंतरची संकष्टी आली ती डिसेंबरात, उजव्या डोळ्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी. थंडी कडक. खिडकीतून चंद्र दिसणं आता कायमचं संपलं होतं, म्हणून भावजी कोट-टोपी घालून बागेत कुंपणाशी उभे राहिले. आकाश राखाडी गोधडी पांघरून बसलेलं. ताई आत ताट मांडून बसली. बराच वेळ झाला. स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं, त्यातून गार वारा येत होता.

“अहो, काय झालं?” ताईने बसल्या जागेवरून विचारलं.

“ढग आहेत.”

“नीट बघा ना.”

“नीटच बघतोय. इतकं नीट गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. प्रत्येक ढगाची कड दिसतेय मला. चंद्र नाही.”

ताईने माझ्याकडे बघितलं. नवीन डोळा मिळाल्यापासून हे फार खरं बोलायला लागलेत, म्हणाली. कालच्या पोळ्या जाड झाल्या होत्या हेसुद्धा सांगितलं. मी फोन काढला, बघितलं, आणि बाहेर ओरडून सांगितलं की चंद्र उगवून अर्धा तास होऊन गेलाय, माझं यंत्र म्हणतंय, आत या आणि जेवा.

“यंत्राला काय कळतंय,” बाहेरून उत्तर आलं.

मग काही आवाज नाही. मी दारातून डोकावले. भावजी कुंपणापाशी टाचा उंचावून उभे होते, वर बघत. तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी एकदा मागे वळून दाराच्या फटीतून आत बघितलं. ताई समईपुढे बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून. दिवसभराच्या उपासाने तिचं तोंड उतरलं होतं. एवढ्या लांबूनही त्यांना ते दिसलं असणार, आता दिसतं त्यांना. ते परत आकाशाकडे वळले. वर तीच गोधडी, कुठे फट नाही.

“दिसलाऽ,” भावजी म्हणाले.

ताईने डोळे उघडले. “आवाज ऐकलास?” तिने मला हळूच विचारलं, आणि निरांजन लावायला काडेपेटी घेतली.